पैलवानाच्या दारची रांग

उत्तरेश्वर पैलवान फुकटात हाडं बसवतो, हे बेंबळीपासून बार्शीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ते फुकट कुणाच्या जिवावर चालतं, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. दुखणं घेऊन आलेल्या माणसाला असल्या चौकशा सुचत नाहीत, आणि बरं झालेल्याला गावाकडं पळायची घाई असते.

निजामाच्या काळात पैलवान एका जहागीरदाराच्या पदरी पगारी मल्ल होता. रोजचं चार शेर दूध, बदाम, तूप, वर महिन्याचा तनखा. हैदराबाद, सोलापूर, बार्शी, जिथं फड भरेल तिथं जहागीरदार त्याला घेऊन जायचा आणि कुस्ती मारली की घोड्यावर बसवून मिरवायचा. मग पोलीस अ‍ॅक्शन झालं, जहागीर गेली, खुराक तुटला. दोन्ही कान मोडलेले आणि गुडघा कुरकुरत असलेला असा तो बेंबळीला परतला, तेव्हा चाळिशीही उलटली नव्हती. गावात त्याची चार एकर बरड होती. ती इतकी वर्षं त्याची बायको धुरपदाबाई कसत होती, पुढंही तिनंच कसली. नांगर धरायला पैलवानाला लाज वाटायची. गाव म्हणायचं, वाघाला कुणी गवत कापायला लावतं का. अशी बोलणी करायला गावाचं काही खर्च होत नव्हतं.

हाडं बसवायची विद्या त्याला हैदराबादच्या उस्तादानं दिलेली. देताना तीन शपथा घातल्या. एक, पैसा घ्यायचा नाही. दुसरी, दुखणाइताच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. तिसरी, उंबऱ्यावर आलेला पहिला आणि घरातला शेवटचा. यातली एक जरी मोडली तरी हातातला गुण जाईल, असं उस्ताद म्हणाला होता. पैलवानानं हे सगळं जिवापाड पाळलं. त्याचा हात खरोखरच चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. डोळे मिटून नुसत्या अंगठ्यानं दाबत जायचा आणि मोड कुठं आहे ते बरोबर सांगायचा. दुखणारा माणूस ओरडायला तोंड उघडायच्या आत हाड जागेवर बसलेलं असायचं.

तांबडं फुटायच्या आधीच दारात माणसं यायची. कुणी झाडावरून पडलेलं, कुणाला बैलानं फेकलेलं, कुणाच्या खांद्याचा गोळा निसटलेला. अंगणात पोतं अंथरलेलं असायचं, त्यावर एकेकानं पाळीनं बसायचं. पट्टीला लागणारं करडईचं तेल, हळद, अंडी हे धुरपदाच्या मजुरीतून यायचं. चिंध्या तिच्या जुन्या लुगड्यांच्या. लांबून आलेली माणसं दोन-दोन दिवस पडवीत राहायची आणि त्यांना भाकरी करून घालायची तीही तिनंच. पैलवान म्हणायचा, दारातून माणूस उपाशी गेला तर धर्माला काय अर्थ. धुरपदा पीठ मळत ऐकायची. बोलायला तिला वेळ नव्हता.

एक गोष्ट मात्र ती पुरती ओळखून होती. रांग मोठी असली की पैलवानाची छाती पूर्वीसारखी पुढं यायची. एखाद्या दिवशी दोन-तीनच माणसं आली, तर तो दुपारभर वाटेकडं डोळे लावून बसायचा आणि जेवताना भाजीत मीठ कमी असल्याचं काढायचा. फडाभोवतीची माणसं गेली होती, त्यांच्या जागी त्याला ही माणसं मिळाली होती. धर्माचं नाव असलं तरी तहान जुनीच होती.

त्या वर्षी, म्हणजे बासष्ट साली, जोंधळा बरा आला होता. आमच्याकडं रब्बीचा जोंधळा कापत नाहीत, मुळासकट उपटतात. माघातल्या थंडीत दवानं जमीन जरा ओली असते, तेव्हाच हे काम होतं. ऊन वर आलं की माती धरून बसते आणि हाताची सालटी निघतात. काढणीची मजुरी पेंढ्यांत मिळायची. महिनाभर बाईनं नेटानं जोंधळा उपटला तर घरात वर्षाचे दाणे पडायचे. धुरपदा दर साली घरचं रान उरकून गावातले बडे जमीनदार आण्णासाहेब यांच्या रानात काढणीला जायची. पडवीतल्या माणसांच्या भाकरी त्याच दाण्यांच्या असायच्या.

काढणीच्या सातव्या दिवशी जोंधळ्याचं एक ताट तिनं दोन्ही हातांनी ओढलं आणि ते एकदम सुटलं. ती मागं बांधावर पडली. पडताना उजवा हात खाली टेकला आणि मनगटात काहीतरी कट्‌कन मोडलं. उठून तिनं हात पाहिला. मनगट वाकडं झालं होतं. चौदा वर्षं नवऱ्याशेजारी बसून असले हात पाहिलेली ती बाई, तिला कुणी सांगायची गरज नव्हती. डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरून ती अर्धा कोस चालत घरी आली.

अंगणात अकरा माणसं होती. पैलवान एका म्हाताऱ्याचा घोटा चोळत होता. त्यानं लांबूनच बायकोचा हात पाहिला, मान हलवली आणि तेल लावून बस, एवढ्यांचं उरकलं की आलोच, असं म्हणाला. रांगेतली एक बाई म्हणालीसुद्धा की आधी घरच्यांचं बघा. पैलवान हसला आणि उस्तादाची शपथ तिला सगळी सांगितली. माणसांनी माना डोलावल्या. असला देवमाणूस या दिवसांत बघायला मिळत नाही, असं एकजण बोलला. धुरपदा आत जाऊन चुलीपाशी बसली.

अकरापैकी चारजण उरले तेव्हा आण्णासाहेबांची जीप दारात आली. त्यांची आई ओट्यावरून घसरली होती. आण्णासाहेबांना नव्या जिल्हा परिषदेत निवडून जायचं होतं, त्यामुळं हल्ली ते सगळ्यांशी गोड बोलत. पैलवानाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पैलवान, तुमी हात लावल्याबिगर म्हातारी कुणाला जवळ येऊ देईना." पैलवान उठला, मुंडासं बांधलं आणि जीपमध्ये बसला. उंबऱ्यावर आलेल्या चौघांचं काय झालं, हे उस्तादाच्या शपथेत बसतं की नाही, ते त्यालाच माहीत.

तो परतला तो दिवेलागणीला. म्हातारीला नुसता मुका मार होता, पण आण्णासाहेबांनी त्याला बसवून घेतलं होतं. पुढच्या दिवशी धाराशिवला सभा होती. तिथं मंत्र्याच्या हातून पैलवानाला फेटा बांधायचा, असं ठरलं होतं. गरिबांची फुकट सेवा करणारा एक माजी मल्ल आपल्या बाजूनं व्यासपीठावर असलेला आण्णासाहेबांना हवा होता. पैलवान हे सगळं सांगत-सांगतच बायकोसमोर बसला. हात टम्म सुजला होता, मनगट कुठं संपतं आणि पंजा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. सुजेवर कधी बांधू नये, आधी सूज उतरवावी, हे तो रोज लोकांना बजावायचा. पण सकाळी सहाला जीप येणार होती. त्यानं चिमणीच्या उजेडात हात ओढला, अदमासानं हाड बसवलं, वर बांबूच्या कामट्या घालून घट्ट आवळलं. धुरपदानं पदर दातात धरला होता. बसलं का, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला, "माझ्या हातानं बसलं न्हाय असं कवा झालंय?"

धाराशिवच्या सभेत फेटा बांधला, हार घातला, कुणीतरी भाषण केलं. पैलवानांनी आपला देह जनतेला दान केला आहे, असं त्यात होतं. पैलवानाला ते वाक्य पाठ झालं. पुढं आठ दिवस तो आल्यागेल्याला ते ऐकवत होता. वर्तमानपत्रात नाव आलं आणि रांग वाढली. तुळजापुराकडची, येडशीकडची नवी माणसं यायला लागली.

धुरपदाची बोटं चौथ्या दिवशी निळी पडली. तिनं स्वतःच दातांनी गाठ ओढून पट्टी सैल केली. तिकडं रानातला जोंधळा बाकीच्या बायांनी उपटून संपवत आणला होता. रोज संध्याकाळी बाया डोक्यावर पेंढ्या घेऊन दारावरून जायच्या आणि ती त्यांच्याकडं बघत बसायची. सात दिवसांच्या पेंढ्या झोडपून जे दाणे निघाले ते तिनं कणगीत ओतले. कणगीचा तळ जेमतेम झाकला.

भाकरी चुकत नव्हत्या. डाव्या हातानं पीठ मळायचं, ताटलीवर थापायची आणि तव्यात कशीबशी लोटायची. भाकरी फाटायची, एका बाजूला जाड राहायची. एका दुपारी पडवीत येडशीकडचा एक पाव्हणा पाय बांधून पडला होता. त्यानं भाकरी उलटीपालटी करून बघितली आणि आपल्या बायकोला म्हणाला की पैलवान देवमाणूस आहे, पण बाई काही मनापासून करत नाही. धुरपदानं ते ऐकलं. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते पुसायला गेली तर उजवा हातच वर आला आणि कळ मस्तकात गेली.

पंधराव्या दिवशी कामट्या सोडल्या. हात वाकडा धरला होता. मनगटावर हाडाचं टेंगूळ आलं होतं, अंगठा हलत होता, पण बाकीची बोटं अर्ध्यावरच थांबत होती. पैलवानानं दाबून पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा तेल चोळायला लागला. चौदा वर्षांत त्याचं गप्प बसणं तिनं कितीदा तरी पाहिलं होतं. ज्या दुखणाइताचं काही खरं नसे त्याच्यापुढं तो असाच गप्प होई.

त्या दिवशी ती पहिल्यांदा स्वतःसाठी बोलली. "मला धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात न्या," ती म्हणाली. "न्हायतर सोलापूरला. फोटू काढून बघत्यात म्हणं."

पैलवानाचा हात थांबला. "माझी बायकू दवाखान्यात?" तो म्हणाला. "पेपरात नाव आलंय माझं. उद्या ही रांग काय म्हणंल?"

"रांगंला न्हाय भाकरी थापायच्या. मला थापायच्यात."

तो उठून अंगणात गेला. त्यात त्याची दुष्टाई नव्हती. भीती होती. उतारवयात खरी कुस्ती करायला मल्ल का नाही म्हणतो, ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही भीती कळेल. पण भीती नवऱ्याची आणि हात बायकोचा, असा तो सगळा हिशेब होता.

फाल्गुन लागला तेव्हा तिचा भाऊ हिंमतराव तामलवाडीहून आला. बहिणीचा हात त्यानं उलटासुलटा करून बघितला. दाजींच्या मोठेपणामुळं तो तोंडावर काही बोलला नाही, चार दिवस माहेरी नेतो एवढंच म्हणाला. पैलवानानं हो म्हटलं. दुखणाइतांच्या भाकरीचं काय, असं त्यानं विचारलं आणि विचारल्यावर जरा ओशाळला.

तामलवाडीहून सोलापूर बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. हिंमतराव दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपायला निघाला, पण धुरपदा तयार होईना. नवऱ्यानं जा म्हटल्याशिवाय दवाखान्यात पाय ठेवला तर बेंबळीत काय बोललं जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पैलवानाच्या बायकोनं पैलवानाच्या नावाला काळं फासलं, असंच म्हणाले असते. हात वाकडा राहिला तर ते दैव ठरणार होतं आणि दवाखान्यात गेली तर ती बेइमानी ठरणार होती. भावानं समजावलं, भावजय रडली. धुरपदा आठ दिवस माहेरच्या ओट्यावर बसून राहिली. उजव्या हातात साधा तांब्याही धरवत नव्हता. नवव्या दिवशी ती भावाला म्हणाली, "गाडी जुंप. बेंबळीला जायचंय." आणि वर म्हणाली, "ऱ्हायला न्हाय. दाखवायला."

तुळजापुरात मुक्काम करून ते दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. ऊन तापायला लागलं होतं, रानं मोकळी झाली होती आणि वाऱ्यावर भुसा उडत होता. पैलवानाच्या अंगणात वीसेक माणसं होती. धुरपदानं पदर पुढं ओढला, घरात गेली नाही, रांगेच्या शेवटी जाऊन बसली. हिंमतराव गाडीपाशीच थांबला. गावातली दोन-तीन माणसं होती, त्यांनी ओळखलं, पण त्यांना काय चाललंय ते कळेना. बाकी सगळे परगावचे. त्यांच्यासाठी ती कुठलीतरी बाई होती.

ती गाडीतून उतरली तेव्हाच पैलवानानं तिला पाहिलं होतं. एकदा हाक मारायला त्याचं तोंड उघडलं, पण भोवती माणसं होती. तो समोरच्याचा खांदा चोळत राहिला. रांग एकेकानं पुढं सरकत होती. त्याचा हात त्या दिवशी नेहमीसारखा चालत नव्हता, दोघांना त्यानं उगाच दुखवलं. दुपार डोक्यावर आली तेव्हा तिची पाळी आली. ती पोत्यावर बसली आणि हात पुढं केला.

दुखणाइताला तो नेहमी ठरलेले प्रश्न विचारायचा. ते न विचारावेत तर रांगेला चमत्कारिक वाटलं असतं. त्यानं विचारलं, "गाव?"

"तामलवाडी."

"कशानं झालं?"

"जोंधळा उपटताना पडले. माघात."

पुढचा प्रश्न होता, आधी कुणी बांधलं. हा प्रश्न तो नेहमी मोठ्यानं विचारायचा, आणि गावोगावच्या अडाणी हाडवैद्यांना शिव्या घालायचा. आज त्यानं तो गाळला. पण तिच्यामागं येडशीचा एक म्हातारा आपला उतरलेला खांदा सांभाळत बसला होता. तो पुढं वाकून बघत म्हणाला, "कुणी बांधलं गं बाई असं?"

"एका पैलवानानं," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं त्या पैलवानाला एक शिवी दिली. रांगेतले दोघं-तिघं हळहळले. असल्या माणसांचे हात तोडले पाहिजेत, असंही कुणीतरी बोललं. पैलवान खाली मान घालून मनगट दाबत होता. त्याच्या अंगठ्याला सगळं कळत होतं. हाड आडवं धरलं होतं आणि आता ते त्याच्याच्यानं हलणार नव्हतं.

"दुसऱ्या कुणाचा असा हात आला," धुरपदा म्हणाली, "तर तुमी काय सांगता? तेवढं मला सांगा. त्येच ऐकायला आले."

अंगणात सगळे ऐकत होते. पैलवानाच्या कानशिलावरून घाम खाली आला आणि मोडक्या कानाच्या वळ्यांत जमला. खोटं बोलायला एवढा वेळ लागत नाही. त्याला खरं बोलायला लागला.

"सोलापूरला जा," तो म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात. माझ्यानं व्हणार न्हाय."

रांगेत कुजबुज झाली. पैलवानानं नाही म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

"तिथं बरा व्हईल?"

"निम्मा. मूठ पुरती वळायची न्हाय." त्यानं तिचा हात अजून सोडला नव्हता. ती बायको आहे हे त्यानं आताही सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण माणसं बघत होती, आणि माणसांनी बघण्यावरच त्याचा सगळा जन्म गेला होता. तो म्हणाला, "लई उशीर केला, बाई."

"रांगंत व्हते," ती म्हणाली.

तिनं हात काढून घेतला, डावा हात जमिनीला टेकून उठली आणि गाडीकडं चालायला लागली. हिंमतरावानं बैल सोलापूरच्या वाटेला वळवले. गाडी वेशीकडं दिसेनाशी होईपर्यंत पैलवान तसाच बसून होता. येडशीच्या म्हाताऱ्यानं थोडी वाट बघितली, मग तो खांदा धरून पोत्यावर पुढं सरकला.